मागच्या पंख्याची फट

१४ सप्टेंबर १९९७, सातारा

पंखा आज जोडून झाला. एक मीटर व्यासाचं गोल लोखंडी केसिंग, आडवं ठेवलेलं. त्यात पाठोपाठ दोन पंखे, प्रत्येकाची मोटर वेगळी. पुढच्याला अकरा पाती, मागच्याला दहा. पुढचा फिरतो त्याच्या उलट मागचा फिरतो. दादाच्या कारखान्यात असा पंखा पहिलाच. आराखडा माझा आहे.

वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "एक इकडे ढकलणार, एक तिकडे. मग वारा बिचारा जाणार कुठे?"

मी सांगितलं, दोघंही एकाच दिशेला ढकलतात. पुढच्यातून निघालेली हवा पुढे जाते आणि गिरक्याही घेते. त्या गिरक्या वाया जातात. मागचा उलटा फिरून गिरक्या सोडवतो आणि त्यांचाही रेटा करतो. वहिनींनी मान हलवली. डब्यात दही आहे, ते आधी खा, म्हणाल्या.

पात्याच्या मध्यावर सगळं हिशेबाप्रमाणे होतं. टोकाशी होत नाही. पात्याच्या एका अंगाला दाब जास्त, दुसऱ्या अंगाला कमी. टोक आणि केसिंग यांच्यामधल्या फटीतून हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे पळते आणि तिचा भोवरा होतो. मागच्या पंख्याला हे जास्त भोवतं, कारण त्याच्यावर हवा समोरून गिरकी घेत येते. फट नसणं उत्तम. पण मग पातं घासेल.

आकारामना एवढंच सांगितलं, "फट दोन मिलिमीटर. दोनाच्या खाली जाऊ नका." त्यांनी दोन बोटं वर केली. "दोनाच्या खाली न्हाई. बसलं डोक्यात."

आकाराम आमचे मुख्य फिटर. माण तालुक्याकडचे. अठरा वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. दादाकडे अकरा वर्षं. पंखा जायचा आहे घाटातल्या पाण्याच्या बोगद्यावर. तिथे सुरुंग उडवल्यावर धूर आत कोंडतो. बाहेरची हवा दीड किलोमीटर नळीतून आत ढकलायची. २५ ऑक्टोबरपर्यंत पोचवायचा. चाचणीच्या दाखल्यावर सही माझी.

५ ऑक्टोबर, सातारा

तीन आठवडे आकाराम टोकं कानशीने घासत होते. आज मापं घेतली. एकवीस पाती, प्रत्येक पातं आठ जागी थांबवून फिलर गेजची पट्टी आत सरकवली. एकशे अडुसष्ट मापं. सगळी दोन. तीन ठिकाणी सव्वादोन.

मग पंखा चालवला. पुढे फळ्या लावून वाट आवळत नेली, म्हणजे दीड किलोमीटर नळीचा अडथळा इथेच तयार होतो. तेवढ्या अडथळ्यालाही पंखा सेकंदाला एकवीस घनमीटर हवा देत होता. कागदावर मी वीस मांडले होते.

आकारामनी टोपी काढून पंख्यासमोर धरली. टोपी भिंतीपर्यंत गेली. "ताई, माजी टोपी पास," म्हणाले.

आनंद झाला. लिहून ठेवते.

९ ऑक्टोबर, सातारा

उद्या खंडेनवमी. कॉलेजातून दोन दिवसांची रजा घेऊन सांगलीहून आले. कारखान्यात रंगाचा वास. दर वर्षी नवमीच्या आधी यंत्रं धुऊन पुसून रंगवतात. या वेळी पंखाही रंगवला आहे, बाहेरून हिरवा, आतून पांढरा. दसऱ्याला बोगद्याचे इंजिनिअर बघायला यायचे आहेत, म्हणून दादाने सांगितलं.

रंगारी नानासो शिडीवर बसून चहा पीत होते. म्हणाले, "आतनं हात फिरवून बघा. लांबी भरल्याली हाय. जोड घावला तर बुरूस टाकीन हातातला."

केसिंग पत्रा वळवून केलेलं आहे, खाली वेल्डिंगचा जोड, तो लांबीच्या लगद्याने झाकलेला. हात फिरवला. सापडला नाही. तसं सांगितलं. नानासो खूश झाले.

मी रंगाच्या जाडीचा विचार केला. दोन हातांचा रंग कागदाएवढाही नसतो. फरक पडणार नाही.

१० ऑक्टोबर, सातारा. खंडेनवमी

सकाळी पूजा. मधल्या चौथऱ्यावर पांढरं कापड घालून हत्यारं मांडली: पाने, हातोड्या, कानशी, ग्राइंडर, माझी फिलर गेजसुद्धा. झेंडूच्या माळा. उद्या उत्तरपूजा होईपर्यंत यातल्या कशालाही हात लावायचा नाही. ती आज निजलेली असतात, असं आकारामच्या पत्नी मनुबाई म्हणाल्या. त्यांनी तेलात कालवलेलं कुंकू पंख्याच्या प्रत्येक पात्याला लावलं, एकवीस बोटं. मग माझ्या कपाळाला.

मनुबाईंचा भाऊ बिराप्पा आला होता. तो त्याच बोगद्यात सुरुंगाच्या टोळीत आहे. पंख्याभोवती दोनदा फिरला.

"तितं आता जो पंखा हाय त्येचा उपेग न्हाई बगा. बार उडाला की अर्धा तास भाईर बसायचं. मुकादम म्हनतो चला. आत गेलं की डोळं चुरचुरत्यात, डोस्कं धरतंय. परवा एकजण वकून वकून आडवा झाला." मग मला विचारलं, "ह्यो लावल्यावर किती येळ बसायचं, ताई?"

मी हिशेब केलेला होता. म्हटलं, "वीस मिनिटं."

"ईस?"

"वीस."

"मुकादमाला सांगतो. त्येला आयकून बरं वाटंल."

संध्याकाळी दादाने उगाच मागचा पंखा हाताने फिरवला. खर्र असा आवाज. प्रत्येक पातं तळाशी घासत होतं. दादा आकारामना म्हणाला, "उद्या नऊला साहेब येतात. आवाज नको. आणि आतला रंग खरवडू नका, ते वाकून बघणार." आकाराम चौथऱ्याकडे बघत होते. म्हणाले, "बगतो."

११ ऑक्टोबर, सातारा. दसरा

आवाज गेला. रंग रात्रीत आणखी वाळून बसला असावा.

इंजिनिअर आले, वाकून पाहिलं, पांढऱ्या रंगाचं कौतुक केलं. दहा मिनिटं पंखा मोकळा चालवला. थरथर नाही. बार उडाल्यावर धूर जायला किती वेळ, हे त्यांनी मला विचारून वहीत लिहून घेतलं. वीस मिनिटं.

चौथऱ्यावरच्या ग्राइंडरवरची माळ बाजूला पडली होती. मी उचलून परत घातली. आकाराम शेजारीच उभे होते. त्यांनी मला सोनं दिलं, पण नारळाचा प्रसाद घेतला नाही. पोट बरं नसावं.

१२ ऑक्टोबर, सातारा

शेवटची चाचणी, नुसती दाखल्यासाठी.

साडेअठरा.

मापाच्या नळ्या तपासल्या. दाब मोजायच्या मॅनोमीटरचं पाणी बदललं. पुन्हा घेतली. साडेअठरा. फळ्या आणखी आवळल्यावर पंखा उसासे टाकायला लागला: हवा अडते, मागे येते, पुन्हा सुटते. केसिंग धडधडतं. हे ५ तारखेला नव्हतं.

दादा म्हणाला, "तुझी नळी तुंबली असेल."

१५ ऑक्टोबर, सांगली

तास घेतले. विद्युतदाब कमी असेल अशी शंका होती. दादाने फोनवर आकडे सांगितले. दाब बरोबर आहे, वेगही बरोबर आहे.

१८ ऑक्टोबर, सातारा

आज मागचं झाकण काढून बॅटरीच्या उजेडात पाती पाहिली. मनुबाईंनी लावलेलं कुंकू हवेने ओढून पात्यावर रेघा झाल्या आहेत. पुढच्या पंख्यावर रेघा टोकापर्यंत नीट जातात. मागच्या पंख्यावर टोकाजवळ त्या वळतात, टोक ओलांडून पात्याच्या पाठीवर जातात आणि तिथे लाल डाग होऊन थांबतात. दहाही पात्यांवर तसंच. मी वहीत चित्र काढलं. इतकं स्वच्छ चित्र मी पुस्तकातही पाहिलेलं नाही.

म्हणजे हवा मागच्या टोकावरून निसटते आहे. माझा तर्क असा: पुढच्या टोकांचे भोवरे जाऊन मागच्या टोकांवर आदळतात. दोन पंख्यांमधलं अंतर वाढवायला हवं.

फटही पाहिली. झाकणातून हात तळापर्यंत पोचतो. तिथे पट्टी घातली. दोन. बाकीची मापं आधी घेतलेली आहेतच.

आकाराम अनवाणी काम करत आहेत. जमिनीवर सगळीकडे लोखंडाचा कीस. म्हटलं, "पायात घाला."

"नगं, ताई."

"नवस आहे?"

"हाय एक."

१९ ऑक्टोबर, सातारा

आकारामनी सकाळपासून खपून मध्ये ऐंशी मिलिमीटरचं कडं बसवलं. कडं घासायला ग्राइंडर दिला तर नको म्हणाले, कानशीने घासलं. दोन तास जास्त गेले. हा हट्ट मला आवडला नाही.

मनुबाईंनी माहेरून मेंढीची लोकर आणून दिली होती. तिचे बोटभर धागे केसिंगला आतून चिकटवले. पुढच्या पंख्याजवळचे धागे हवेबरोबर पुढे झुकले. मागच्या टोकांजवळचे उलटे वळले. आकाराम बराच वेळ वाकून बघत होते.

"उलटा वारा," म्हणाले.

"हो."

"कशापायी?"

मी भोवऱ्यांचा तर्क समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, कुनाचं काय चुकलं आसंल, तर वारा असा फिरतो?"

मी म्हटलं, हवेला कोणाचं काय चुकलं ते कळत नाही.

कडं घालून माप: अठरा पूर्णांक सहा. तर्क चुकला.

२४ ऑक्टोबर, सातारा

दिवसभर एकेक पंखा चालवला. पुढचा एकटा ५ तारखेइतकाच देतो. मागचा एकटा कमी देतो. पाती तीच, मोटर तीच, फट तीच. मला कारण सापडत नाही.

दादाने दाखला टेबलावर ठेवला. ५ तारखेचे आकडे टंकलेले होते.

"हे आकडे खोटे आहेत का?"

"नाहीत."

"तूच घेतलेस ना?"

"हो."

"पंखा तोच. उद्या ट्रक आहे. आता दिला नाही तर ते दुसऱ्याकडे जातील आणि पुन्हा आपल्याकडे येणार नाहीत. सुहास, ही चौदा माणसं मी याच पंख्यावर ठेवलीत. तिकडे बसवल्यावर तू जाऊन बघ, लागेल ते बदल."

मी पुन्हा हिशेब मांडला. साडेअठरा हवा आणि शेवटच्या टप्प्यावर उसासे. वीस मिनिटांची पस्तीस होतील. मुकादम विसाव्या मिनिटाला उठवणार, कारण तसं मीच सांगितलं आहे. पस्तीस सांगता येईल. पण मग दाखल्यातले एकवीस कुठे गेले, असं विचारतील.

सही केली. तारीख पाच ऑक्टोबर घातली. दाखल्यात असत्य वाक्य एकही नाही. तीनदा वाचून पाहिला.

निघताना आकाराम दारात होते. "झालं, ताई?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "बघू." का म्हटलं ते माहीत नाही.

संध्याकाळच्या एस.टी.ने सांगली.

२६ ऑक्टोबर, सांगली

सकाळी दहाला दारात आकाराम. सांगलीला पहिल्यांदाच आले. पत्ता विचारत स्टँडपासून चालत. अनवाणी. पाय कुठं धुऊ, म्हणाले. चहा घेतला नाही. खुर्चीवरही बसले नाहीत, उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसले.

"पंखा गेला न्हाई अजून," म्हणाले.

मला माहीत नव्हतं. दादाचा फोन आला नव्हता.

"तुमी सही धरून ठिवलीया म्हनत्यात समदी. लय बरं केलंसा. मला त्वांड उगडायला येळ घावला."

मी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"पूजेतलं हत्यार उचललं मी, ताई."

"कोणतं?"

"ग्राइंडर. नवमीला पूजा मांडल्याली, आन् उत्तरपूजेच्या आदी. दसऱ्याच्या पाटंला येऊन. माळ बाजूला केली, हात जोडलं, उचलला. आजवर न्हाई केलं आसं. बाप सुतार नव्हता, लव्हार नव्हता, पर नवमीला घरातला इळासुदीक हालवायचा न्हाई. त्या दिसापास्नं वारा गेला. मी पायातलं सोडलं. शिंगणापूरला जाऊन आलो. वारा काय आला न्हाई. आता ह्यो पंखा बिराप्पाच्या बोगद्यात जानार. माजं मी भरीन. त्येनं का भरायचं?"

मी विचारलं, "ग्राइंडरने केलंत काय?"

"आवाज घालवला न्हवं. मालकास्नी रंग खरवडायचा नव्हता. मागच्या पंख्याची टोकं मारली."

"किती?"

त्यांनी अंगठ्याच्या नखावर बोट ठेवलं. "जोंधळ्याच्या दान्याएवढं. दाही सारखी, काट्यावर तोलून. दोनाच्या खाली न्हाई गेलो, ताई. खाली जोडापाशीबी दोन ठिवली. तुमी सांगितल्यापास्नं कवाच न्हाई."

नानासोंनी मागच्या पंख्याखालच्या जोडावर लांबीचा तीन मिलिमीटर जाड थर भरला होता. मी त्यावरून हात फिरवला होता आणि जोड सापडला नाही म्हणून सांगितलं होतं. पाती लांबीला घासत होती. आकारामनी टोकं उडवली, इतकी की लांबीपाशी बरोबर दोन उरावी. बाकी सगळीकडे पाच. मी १८ तारखेला पट्टी घातली ती तळाशी, हात पोचला तिथे, नेमकी लांबीवर.

आकाराम खाली बघत होते. मी कपाटातून ही वही काढून १४ सप्टेंबरचं पान पाहिलं. दोनाच्या खाली जाऊ नका, असं मी सांगितलेलं आहे. दोनाच्या वर जाऊ नका, असं कुठेही नाही. फट कशासाठी आहे हे वहीत लिहिलं होतं. त्यांना सांगितलं नव्हतं.

मी त्यांना समजावलं. फट वाढली म्हणून हवा निसटली, पूजेशी संबंध नाही. चूक निम्मी माझी आहे. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "फटीचं तुमचं बराबर आसंल. पर उचलला त्यो उचललाच."

"आता पाती नवी ओतायला तीन आठवडे जातील," मी म्हटलं.

"पातं वाढत न्हाई. केसिंग आत आनू. लांबी काढायची, मागल्या पंख्याभोवती तीन मिलीच्या पत्र्याचं कडं ठोकायचं, आतनं घासून दोन करायची. दोन दिसांचं काम." त्यांनी दोन बोटं वर केली. "खाली न्हाई, आन् वरबी न्हाई."

मला हे सुचलं नव्हतं.

बाहेर येऊन बूथवरून दादाला फोन केला. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा वाटेतच तुटला म्हणून पंखा अडकला होता. दुसरा ट्रक उद्या सकाळी येणार होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बोगद्यावाल्यांना काय सांगू?"

"रंग खराब झालाय म्हणून सांग. दाखला देऊ नकोस."

"तो माझ्या खणातच आहे," म्हणाला.

आकाराम बूथच्या बाहेर उभे होते. दोघं साताऱ्याच्या एस.टी.त बसलो. त्यांनी माझं तिकीट काढू दिलं नाही. कराडपर्यंत ते बोगद्याबद्दल बोलत होते, सही अडवली नसती तर काय झालं असतं याबद्दल. त्यांना ट्रकचं सांगायचं राहून गेलं.

२७ ऑक्टोबर, सातारा

आकाराम हत्याराला हात लावायला तयार नाहीत. पूजा पुन्हा मांडायची, एक दिवस ती निजू द्यायची, मग काम.

दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "परवा सगळे दिवाळीला घरी जातील. एक दिवस घालवायचा? तू सुद्धा?"

मी म्हटलं, "एक दिवस."

मनुबाई आल्या. तेच कापड, तेच झेंडू, थोडे सुकलेले. मी ग्राइंडर उचलून मध्ये ठेवला, कारण आकाराम तो उचलेनात. मनुबाईंनी कुंकू लावलं. "आता निजू द्या त्यास्नी," म्हणाल्या आणि सगळ्यांना बाहेर काढलं. नानासोही आले होते. लांबी भरायला कोणी सांगितली होती, असं दादाने त्यांना विचारलं. "सुबक दिसावं म्हनून," म्हणाले. सुबक दिसावं असं दादानेच सांगितलं होतं.

दुपारी काही काम नव्हतं. कारखान्यात इतकी शांतता मी आधी ऐकलेली नाही. वहिनींनी चिवड्याला बसवलं.

२९ ऑक्टोबर, सातारा

काल दिवसभर आणि आज दुपारपर्यंत आकाराम काम करत होते. ग्राइंडर त्यांनीच उचलला. कडं बसलं. एकशे अडुसष्ट मापं पुन्हा घेतली, सगळी मी, सगळ्या जागी. एकही दोनाच्या खाली नाही. सर्वांत जास्त सव्वादोन.

हवा वीस पूर्णांक आठ. फळ्या शेवटपर्यंत आवळल्या तरी उसासा नाही. लोकरीचे सगळे धागे पुढे झुकलेले.

आकारामनी मनुबाईंना चपला आणायला घरी पाठवलं. आल्यावर त्या पायात बसेनात. पाय सुजलेत. अंगठा अडकवून फरफटत चालले. "वारा आला, चपला गेल्या," मनुबाई म्हणाल्या. सगळे हसले.

नवा दाखला आजच्या तारखेने केला. सही केली. दादाने खणातून जुना काढून माझ्या हातात दिला. "हा तुझा," म्हणाला.

९ नोव्हेंबर, सातारा

बोगद्यावर गेलो होतो, दादा, आकाराम आणि मी. पंखा तोंडापाशी चौथऱ्यावर बसवला आहे. हिरवा रंग आताच धुळीने गेला.

एक वाजता बार उडाला. जमीन हलली. मग पिवळट धूर नळीच्या कडेने बाहेर येत राहिला. टोळी दगडांवर बसली होती. कोणी तंबाखू मळत होतं. मी घड्याळ धरून उभी होते. मुकादमही घड्याळ धरून उभा होता. विसाव्या मिनिटाला त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हात वर करून थांबवलं. धूर अजून दिसत होता. बाविसाव्या मिनिटाला हात खाली केला.

टोळी आत गेली. बिराप्पा पहिला. दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला, "डोळं चुरचुरलं न्हाईत. पर तुमी ईस म्हनला हुता, ताई."

"बावीस लागली."

"दोन मिंटं आमी सोडली तुमाला."

त्यांनी आम्हाला भाकरी आणि ठेचा खायला बसवलं. आकाराम टोळीला पंख्याची गोष्ट सांगत होते. ग्राइंडर उचलल्याचंही सांगितलं, काही न लपवता. जोंधळ्याचा दाणा नखावर दाखवला. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "ताईंनी सही धरून ठिवली, म्हनून. सख्ख्या भावाचं काम, तरी दिली न्हाई. ती दिली आसती तर आज तुमी कुटं आसता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मुकादमाने भाकरी खाली ठेवून हात जोडले. दादाने माझ्याकडे पाहिलं, मग ताटलीत पाहिलं.

मी ठेचा मागितला.

जुना दाखला या वहीत शेवटच्या पानाशी ठेवला आहे. तारीख पाच ऑक्टोबर. सही माझीच आहे, अक्षर स्वच्छ आहे.